मिरजेला गेलेली रत्नाताई

रत्नाताई अथणीकर एकवीस दिवस एकटी युरोपात फिरून आली, हे डॅलसजवळच्या आमच्या प्लेनोत आजही बऱ्याच जणांना ठाऊक नाही. ज्यांच्या कानावर आलंय त्यातल्या निम्म्यांचा त्यावर विश्वास नाही. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिला विमानतळावर सोडायला मीच गेले होते, आणायलाही मीच. तरी पुढे जे झालं ते झालंच, आणि त्यात माझाही हात आहे. म्हणून हे सांगायला बसले आहे.

आम्ही टेक्ससला आलो तेव्हा आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मराठी घर एकच होतं, अथणीकरांचं. पहिल्याच रविवारी रत्नाताई दार वाजवून आली आणि विजेच्या बिलाच्या पाकिटामागे मला एक नकाशा काढून दिला. इंडियन ग्रोसरी, दवाखाना, लायब्ररी, शाळा, मधून जाणारा ओढा. कोपऱ्यात बाण काढून वर 'उ' लिहिलं होतं.

"उत्तर कशाला दाखवलीस ताई? मी जीपीएसवर जाईन," मी म्हटलं.

"जीपीएसला कळून काय उपयोग? तू कुठे उभी आहेस ते तुला नको कळायला?"

मिरजेला एका शाळेत ती आठ वर्षं भूगोल शिकवत होती. आठवी आणि नववी. लग्नानंतरही नोकरी चालू होती. इशिता दोन वर्षांची झाली आणि शैलेंद्र अथणीकरांना कंपनीने डॅलसला पाठवलं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा काम करायची परवानगी नव्हती. ती मिळेपर्यंत नऊ वर्षं गेली. मग ती एका माँटेसरीत मदतनीस म्हणून लागली, दोन वर्षं टिकलीसुद्धा. पुढे परवानगीचं नवं कार्ड यायला सात महिने उशीर झाला आणि शाळेने दुसरी बाई घेतली. त्या दोन वर्षांचे पैसे तिने स्वतःच्या खात्यात तसेच ठेवले होते. शैलेंद्र कधीकधी चारचौघांत त्याला 'रत्नाचा पॉकेटमनी' म्हणायचे. ती हसायची.

फिरणं तर नाहीच. इथल्या आमच्यासारख्यांच्या घरात एक वाक्य भिंतीला लावल्यासारखं असतं: 'आधी ग्रीन कार्ड येऊ दे.' देशाबाहेर पाय ठेवला की परत येताना व्हिसाचा नवा शिक्का लागतो, आणि शिक्का मारणाऱ्याने नाही म्हटलं तर घर, गाडी, मुलांची शाळा सगळं इथे आणि आपण तिथे. अथणीकर सोळा वर्षांत चार वेळा मिरजेला गेले. बाकी कुठेच नाही. मेक्सिको गाडीने एका दिवसावर, तेही नाही. ग्रीन कार्ड आलं तेव्हा रत्नाताई सत्तेचाळीसची होती.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला युरोपला जायचं ठरलं. ठरवलं शैलेंद्रनी. सोळा दिवसांत नऊ देश, बसमध्ये मराठी गाइड, बरोबर स्वयंपाकी, रोज सकाळी गरम पोहे. रत्नाताईचं म्हणणं होतं की दोनच नद्या धरू आणि काठाकाठाने जाऊ. "नद्या काय बघायच्यात?" ते म्हणाले. तिने वाद घातला नाही. ह्यूस्टनला जाऊन दोघांनी बोटांचे ठसे दिले, पासपोर्टवर व्हिसा लागला, आणि निघायच्या नऊ दिवस आधी शैलेंद्रनी टूर कॅन्सल केली. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा मोठा रिलीज होता. ते म्हणतात त्यात खोटं नव्हतं. माझा नवरा अरुण त्यांच्याच हाताखाली काम करतो, त्याच्याही सुट्ट्या रद्द झाल्या होत्या.

"व्हिसाचं काय?" तिने विचारलं.

"व्हिसा काय, परत काढू."

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी तिचा मला फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद करून उचलला.

"रेणू, गुरुवारी मला एअरपोर्टला सोडशील?"

"कोण येतंय?"

"मी जातेय. फ्रँकफर्टला."

व्हिसा तीस ऑक्टोबरपर्यंत चालू होता. कपाटात गाडीचे कागद शोधताना पासपोर्ट हाती आला, तारीख दिसली, आणि अर्ध्या तासात तिने तिकीट काढलं. एवढंच. भांडण झालं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. तिने आयुष्यात न ठरवता केलेली पहिली गोष्ट असेल ती.

मी विचारलं, "शैलेंद्रना सांगितलंस?"

"काल जेवताना. म्हटलं, मी गुरुवारी युरोपला चाललेय. ते म्हणाले, जा जा, पोपला नमस्कार सांग."

गुरुवारी ते ऑफिसला गेल्यावर मी गाडी घेऊन गेले. इशिता कॉलेजसाठी ऑस्टिनला असते. तिची शाळेच्या कॅम्पिंगची निळी सॅक रत्नाताईने पाठीवर घेतली होती. सॅक इतकी उंच की मागून तिचं डोकं दिसत नव्हतं. आत दोन ड्रेस, एक स्वेटर, गुडघ्याचा पट्टा, शेंगदाण्याची चटणी. हॉटेल नाही, सगळीकडे हॉस्टेल. एका खोलीत आठ जण. गेटवर पोचल्यावर तिने नवऱ्याला मेसेज केला: 'निघाले. रेणूने सोडलं. चोवीसला परत.' माझं नाव तिने का घातलं ते मला कळलं नाही. तिच्या डोक्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच, हे आता कळतं.

पुढचे दोन आठवडे मला तिचे फोटो येत राहिले. पाणी, पूल, बोटींचे धुरकट दिवे. मी प्रत्येकाला लाल बदाम पाठवत होते.

मग मराठी मंडळाची कोजागिरी आली. एका पार्कमधली शेड घेतली होती. संध्याकाळी सात ते नऊ, मसाला दूध, भेळ, मुलांसाठी पिझ्झा. कादंबरी, मंडळाची सेक्रेटरी, दुधाचे कागदी कप वाटत फिरत होती. शैलेंद्र एकटेच आलेले पाहून तिने विचारलं, "रत्नाताई कुठे?"

"मिरजेला गेलीय," शैलेंद्र म्हणाले. "सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड."

मी शेजारीच उभी होते.

"अगं बाई! ऑपरेशन?"

"झालं परवा. प्लेट टाकलीय. आता सहा आठवडे बेड रेस्ट."

इतकं सहज सांगितलं त्यांनी की क्षणभर मलाच वाटलं, रत्नाताईची आई खरोखर पडली की काय. माझ्याकडे वळून कादंबरी म्हणाली, "रेणू, तू बोलली नाहीस काही! तुला तर माहीत असेल."

शैलेंद्रनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काही मागितल्यासारखंही नाही. ऑफिसात समोरचा हो म्हणणारच हे ज्याला आधीच माहीत असतं, तो बघतो तसं. आमच्या ग्रीन कार्डचा अर्ज त्यांच्याच कंपनीतून आहे. अरुणचा रिव्ह्यू डिसेंबरात.

"हो," मी म्हटलं. "अचानकच जावं लागलं तिला."

घरी येताना गाडीत अरुण म्हणाला, "बरं केलंस."

चोवीस तारखेला दुपारी ती आली. शैलेंद्रना मीटिंग होती. दरवाजातून बाहेर आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. वाळली होती, ओठ फुटले होते, डोक्यावर कुणाची तरी लाल लोकरी टोपी. चालताना डावा पाय जरा ओढत होती. सॅक डिकीत टाकून बसली आणि सीटबेल्ट लावायच्या आत बोलायला लागली. इतक्या वर्षांत तिला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

पहिल्या हॉस्टेलमध्ये, जर्मनीतल्या कोलोनला, तिला वरचा पलंग मिळाला. लोखंडी शिडी, गुडघा हा असा. कशीबशी चढली. मग उतरावं लागू नये म्हणून सकाळपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. सकाळी खालच्या पलंगावरच्या चिली देशातल्या पोरीने काही न विचारता स्वतःची चादर उचलून वर टाकली आणि हिची खाली आणली. टोपीही तिचीच. तिथल्या स्वयंपाकघरात ब्रेडला लावून चटणी खाताना तीन पोलिश मुलं जवळ आली, आणि दोन दिवसांत बरणी संपली. "सगळे एकच प्रश्न विचारतात गं," रत्नाताई म्हणाली. "पुढे कुठे? मी काय सांगणार? मला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा मी नुसतीच हसले. मग सांगायला लागले, नदी जाईल तिथे."

ऱ्हाइनच्या काठाकाठाने ती गेली, कधी बस, कधी साधी रेल्वे, कधी सरळ चालत. एका गावात हॉस्टेलवाल्याने पासपोर्ट बघितला आणि मान हलवली. चाळीसच्या वरच्यांना जागा नाही. बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं म्हणे. बाहेर पाऊस. "मला वाटलं होतं सॅकमागे वय लपेल," ती म्हणाली. चार तास स्टेशनच्या बाकावर बसून राहिली. मग बेकरीतल्या बाईने एका चर्चच्या विश्रामगृहाचा पत्ता दिला. तिथल्या खोलीत भिंतीवर क्रूस आणि एक खुर्ची. पलंगावर बसून ती रडली, आणि त्याच खोलीत तिने परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का तेही बघितलं. मिळत होतं. काढलं नाही.

तिथून डॅन्यूबवर, थेट बुडापेस्टपर्यंत. पासाऊ नावाचं गाव आहे, तिथे तीन नद्या मिळतात. "रेणू, मी नववीला डॅन्यूब शिकवायचे. उगम, लांबी, किती देशांतून जाते. फळ्यावर निळ्या खडूने एक रेघ. आणि तिथे बघते तर तीन रंग! एक काळसर, जवळजवळ चहासारखी. एक डोंगरातून येते ती दुधाळ हिरवी. आणि मधली डॅन्यूब. तिघी शेजारी शेजारी वाहतात, लगेच मिसळत नाहीत. मी आठ वर्षं मुलांना एक निळी रेघ दाखवली गं."

टोकावर उभी राहून ती मोठ्याने शिकवायला लागली. मराठीत. मुलांनो, इकडे बघा, हिच्यात गाळ का आहे? बाकावर बसलेलं एक म्हातारं जोडपं वळून बघायला लागलं. तिला थांबता येईना. पंधरा मिनिटं तास घेतला. संपल्यावर त्या म्हाताऱ्याने टोपी काढून मान लववली.

तिथूनच तिने नवऱ्याला व्हिडिओ कॉल केला. इथे टेक्ससला सकाळचे सात, शनिवार. शैलेंद्रनी उचलला. तिने फोन पाण्याकडे वळवला आणि म्हणाली, "अहो, हे बघा." ते म्हणाले, "रत्ना, आज तरी झोपू दे," आणि ठेवला.

त्याच शनिवारी संध्याकाळी कोजागिरी होती.

विमानतळापासून तिच्या घरापर्यंत चाळीस मिनिटं लागतात. कोजागिरीचं सांगायला मला चाळीस मिनिटं होती. मी टोल रोड घेतला, उजवीकडे लेन बदलली, आणि विचारलं, "आणि बुडापेस्टला जेवणाचं काय केलंस?"

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. रत्नाताई मोरपंखी साडीत आली. पाय अजून दुखत होता, पण चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा. ती चार जणींना सांगणार होती. तिने फोटो निवडून ठेवले होते, हे मला नंतर कळलं.

कादंबरीने फराळाची डिश तिच्या हातात दिली आणि दंडावर हात ठेवला. "रत्नाताई, आईंचं ऑपरेशन नीट झालं ना?"

"कुणाच्या आईचं?"

"तुमच्या. खुब्याचं."

रत्नाताईने शैलेंद्रकडे बघितलं. ते दोन पावलांवर मंडळातल्या देवदत्तशी बोलत होते, ते थांबले. ती वळली आणि नीट, वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "माझी आई ठणठणीत आहे. मी मिरजेला नव्हते गेले. युरोपला गेले होते. एकटी, सॅक घेऊन."

मग देवदत्त हसला. "वा काकू! पुढच्या वेळी आम्हालाही न्या. मुलांना आजी-आजोबांकडे सोडतो आणि येतो." त्याच्या हसण्याने बाकीचे सुटले. सगळेच हसले, अगदी प्रेमाने.

"झोप झालेली नाही तिची," शैलेंद्र पुढे येत म्हणाले. "तीन आठवडे हॉस्पिटल, जागरणं. आल्यापासून असंच चाललंय."

रत्नाताईने फोन काढला. घाईत फोटो सापडेना. सापडला तो पासाऊचा. तिच्या फोनमधल्या एकाही फोटोत ती नव्हती. काढणार कोण? नुसतं पाणी, करडं आकाश आणि काठाचे दगड. कादंबरीने चष्मा वर करून बघितला आणि मनापासून म्हणाली, "हा कृष्णाघाट ना? किती छान ठेवलाय आता!"

तेव्हा रत्नाताईने माझ्याकडे बघितलं. "रेणू, तू सांग यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शैलेंद्रही. अरुण माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"रत्नाताई," मी म्हटलं, "चल, आपण जरा बाहेर बसू."

मी तिच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. आजारी माणसाच्या ठेवतात तसा. तिने तो काढला नाही. माझ्याबरोबर मुकाट बाहेर आली. पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी उभी राहून तिने विचारलं, "हे कधीपासून चालू आहे?"

"कोजागिरीपासून."

"तू होतीस तिथे?"

"हो."

"काय म्हणालीस?"

मी सांगितलं. जसं म्हटलं होतं तसंच. मी अरुणचं, ग्रीन कार्डचं सांगायला लागले, तेव्हा म्हणाली, "ते मला माहितीये गं. सोळा वर्षं मी तेच केलंय." तिने पदराने डिशमधला चिवडा झाकला आणि चालत घरी निघाली. दोन मैल. त्या साडीत, त्या पायाने.

मग तिने मिरजेला फोन केला; त्याचं सगळं मला पुढे इशिताकडून कळलं. तिथेही सगळं पोचलेलं होतं. शैलेंद्रनी आधीच सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर पडले म्हणा, नाहीतर लोक काय काय म्हणतील. कादंबरीची मामेबहीण मिरजेतच राहते. ती एक दिवस सफरचंदं घेऊन बघायला आली. म्हातारी गडबडीने पलंगावर आडवी झाली आणि पायावर चादर ओढून घेतली. रत्ना कुठे विचारल्यावर म्हणाली, औषधं आणायला गेलीय. मग गल्लीतले दोघं-चौघं आले. चार दिवस ती धडधाकट बाई पलंगावर पडून होती.

"तुझ्यापायी या वयात खोटं बोलले," आई फोनवर म्हणाली. "आणि तू काय बघायला गेली होतीस? नदी? इथे नव्हती का?"

इशिताने तिकडे ऑस्टिनला आईचा एकमेव फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता, चिलीच्या मुलीने स्वतःच्या फोनवर काढून परस्पर तिला पाठवलेला, पाठमोरा, निळी सॅक दिसेल असा. खाली लिहिलं होतं, 'माय मॉम इज अ लेजंड.' दोन दिवसांनी तो गेला. रत्नाताईने विचारलं तर इशिता म्हणाली, "डॅड आस्क्ड मी टू टेक इट डाउन. मॉम, इट्स नॉट अ बिग डील." फोटो इशिताच्या फोनमध्येही उरला नव्हता, मेसेजसकट पुसला होता. तो चिलीच्या मुलीकडे असेल, पण तिचं आडनाव रत्नाताईला माहीत नव्हतं.

हळूहळू काही जणांपर्यंत खरं काय ते झिरपलं. मग जे सुरू झालं ते आधीच्यापेक्षा वाईट. कुणी म्हणे, या वयात बायकांना असं होतं, डॉक्टरला दाखवायला हवं. कुणी म्हणे, एकटी कशी असेल? शैलेंद्रबद्दल सगळ्यांना वाईट वाटायला लागलं. बिचाऱ्याने किती झाकून घेतलं. त्यांच्या घरी डबे जायला लागले.

शैलेंद्र वाईट माणूस आहेत असं मला आजही म्हणता येत नाही. एकदा अरुणला म्हणाले होते, "लोकांनी विचारलं असतं की बायको एकटी का गेली, तर मी काय सांगणार होतो?" त्यांना खरोखर उत्तर माहीत नव्हतं. पण त्यांनी ते तिलाही कधी विचारलं नाही.

जानेवारीत रत्नाताई एका मिडल स्कूलमध्ये शिक्षकांची मदतनीस म्हणून लागली. भूगोलाच्या नाही, गणिताच्या वर्गात. मुलं तिला 'मिस ए' म्हणतात, अथणीकर कुणाला जमत नाही. टेक्ससमध्ये शिकवायचं तर परीक्षा द्यावी लागते. पहिल्या खेपेला ती थोडक्यात राहिली. आमच्यात बोलणं चालू होतं, पण कामापुरतं. कोथिंबीर स्वस्त कुठे, शाळा कधी सुरू. युरोपचं नाव तिने परत काढलं नाही, मीही नाही. ऑगस्टमध्ये ती एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेली. शैलेंद्र सगळ्यांना म्हणाले, "तिला शाळा जवळ पडते. रोजचा ट्रॅफिक वाचतो." लोकांनी मान डोलावली. परत तेच.

गणपतीत कादंबरीकडे आरतीनंतर दहा-बारा जणी बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, रत्नाताई विकेंडला तरी घरी येत असेल ना. वर्षभर दाबून ठेवलेलं मी सगळं बाहेर काढलं. म्हटलं, नाही, येत नाही. ती घर सोडून गेलीय. आणि ती युरोपलाच गेली होती, मीच सोडलं होतं तिला, आणि कोजागिरीला शैलेंद्र खोटं बोलले आणि मीही बोलले. दारात उभ्या अरुणचा चेहरा पांढरा पडला. पण मला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं. त्या दिवशी मी दोन मोदक जास्त खाल्ले.

तिसऱ्या दिवशी दुपारी रत्नाताईचा फोन आला. मी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये होते. मला वाटलं, आभार मानायला केला असेल. खरंच वाटलं.

"कुणाला विचारून सांगितलंस?" ती म्हणाली.

"ताई, मला ते सहन होईना. परत सगळे त्यांचंच खरं..."

"ट्रॅफिकचं मीच सांगितलं होतं त्यांना सांगायला."

मी ट्रॉली गाडीला टेकवली.

"घर सोडल्याचं आईला मी अजून सांगितलं नव्हतं. डिसेंबरात जाऊन, तिच्याजवळ बसून सांगणार होते. तिकीट काढलंय. काल तिला कादंबरीच्या बहिणीकडून कळलं. गल्लीतल्या बायकांसमोर." तिचा आवाज चढला नव्हता, त्याने मला जास्त भीती वाटली. "आई म्हणते, आता येऊ नकोस. माझ्याशी फोनवर बोलत नाही."

"मला वाटलं, तुझ्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं."

"हवं होतं ना. दिवाळीला. मी नाव घेऊन तुला म्हटलं होतं, सांग. तेव्हा तू मला हाताला धरून बाहेर नेलंस." ती थांबली. मागे शाळेची घंटा वाजत होती, मुलांचा गलका. "आता तुला हलकं वाटत असेल."

मी नाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, पण ते खोटं झालं असतं आणि तिला ते कळलं असतं.

"माझा तास आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिने माझा फोन घेतलेला नाही. डिसेंबरात ती मिरजेला गेली की नाही, तेही मला माहीत नाही. परीक्षा दुसऱ्यांदा दिली आणि पास झाली, एवढं इशिताने अरुणला सांगितलं. सुट्टीत इशिता तिच्याकडेच राहते, हॉलमध्ये गादी टाकून. शैलेंद्र पुढे घेतलेल्या चार बेडरूमच्या घरात एकटे आहेत, मंडळाचे पुढच्या वर्षीचे अध्यक्ष झालेत. मी दोनदा तिच्या कॉम्प्लेक्सपर्यंत गाडी नेली. बाहेर लोखंडी गेट आहे, कोड लागतो. एकदा पुढची गाडी आत जात होती, मागोमाग जाता आलं असतं. मी ब्रेकवर पाय ठेवून बसले, गेट बंद झालं, मग वळवून घरी आले.